ग्रीन कार्डाची सोडत आणि शिनोलीचा जन्मदाखला

अमेरिकेच्या ‘ग्रीन कार्ड लॉटरी’त आपली निवड झाली आहे, मुलाखतीची तारीख राखून ठेवण्यासाठी अमुक इतके डॉलर तातडीने भरावेत, अशा आशयाचा ई-मेल अनेक वर्षे भारतात फिरतो आहे. वर गरुडाची मुद्रा असते, खाली कुणा अधिकाऱ्याची सही असते, मध्ये एक लांबलचक क्रमांक असतो. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत तो येतो, तसा आंबेगाव तालुक्यातील शिनोलीसारख्या गावातल्या मोबाइलवरही येऊ शकतो. अर्ज केल्याचे घरात कुणाला आठवत नाही. पण मुंबईतल्या भाच्याने कदाचित भरला असेल, अशी समजूत काढली जाते आणि पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

वास्तविक या पत्राची सत्यता पडताळण्यासाठी वकिलाकडे जाण्याचीही गरज नाही. ज्याचा जन्म भारतात झाला आहे, त्याचे नाव केवळ स्वतःच्या जन्मस्थानाच्या बळावर या सोडतीत निघूच शकत नाही. भारत या योजनेत आजवर कधीही पात्र ठरलेला नाही. त्यातच डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने ही सोडत स्थगित करीत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे आता येणाऱ्या अशा पत्रांना मुळात आधारच उरलेला नाही.

तरीही ‘मुलाखतीची तयारी कशी करावी’ हा प्रश्न निरर्थक ठरत नाही. शिनोलीतून अमेरिकेला कायमचे जाणारी माणसे आहेत, आणि त्यांना मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत मुलाखतीला उभे राहावे लागते. फक्त तेथवर नेणारी वाट सोडतीची नसून रांगेची आहे. ही रांग बहुधा भाऊ-बहीण, मुलगा किंवा मुलगी यांच्या अर्जावरून सुरू होते. तिचा निकाल ठरतो तो दोन ठिकाणच्या तारखांवर. एक तारीख वॉशिंग्टनच्या दप्तरात असते, दुसरी घोडेगावच्या.

सोडतीत भारत का नाही?

म्हाडाच्या घरांची सोडत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या योजनेचे तंत्र चटकन उमगेल. १९९० च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने ती निर्माण केली आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून ती कायमस्वरूपी लागू झाली. कायद्याने ठरवलेली संख्या वर्षाला ५५ हजार व्हिसांची. अमेरिकेत ज्या देशांतून फारसे लोक येत नाहीत, त्यांना संधी द्यावी, असा तिचा उद्देश सांगितला जातो. म्हणूनच तिचे अधिकृत नाव ‘डायव्हर्सिटी व्हिसा’, अर्थात वैविध्य व्हिसा. मात्र त्यामागील राजकारण निराळे होते. १९६५ च्या कायद्यानंतर आशियाई आणि लॅटिन अमेरिकी स्थलांतर वाढले, युरोपीय घटले, आणि आयर्लंडमधून आलेल्या हजारो बिनपरवाना तरुणांसाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये दबाव निर्माण झाला. १९९२ ते १९९४ या संक्रमणकाळातील वर्षाला ४० हजार व्हिसांपैकी ४० टक्के व्हिसा आयर्लंडसाठी राखून ठेवण्यात आले होते. पुढे या योजनेचा मोठा लाभ आफ्रिकी देशांना आणि आपल्या शेजारच्या नेपाळला झाला, हा कायदा करणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडचा भाग.

ज्या देशातून मागील पाच वर्षांत कौटुंबिक आणि नोकरीच्या प्रवर्गांतून ५० हजारांहून अधिक लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तो देश सोडतीतून वगळला जातो. भारत ही पाच वर्षांची मर्यादा बहुधा एकाच वर्षात ओलांडतो. पाकिस्तान आणि बांगलादेश एके काळी पात्र होते; तेही पुढे वगळले गेले. १९४६ पर्यंत ज्या भारतीयांना अमेरिकेचे दार जवळपास बंद होते आणि त्या वर्षीच्या कायद्याने ज्यांच्या वाट्याला वर्षाकाठी अवघ्या १०० जागा आल्या, तेच आता संख्येने जास्त झाले म्हणून सोडतीबाहेर आहेत.

येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा, कारण त्यावर मराठी घरांत वारंवार घोळ होतो. सोडतीसाठी नागरिकत्व पाहिले जात नाही, जन्मदेश पाहिला जातो. मस्कत, कुवेत किंवा दुबईला नोकरीस असलेल्या मराठी दांपत्याचे मूल तेथेच जन्मले असेल, तर भारतीय पासपोर्ट असूनही ते मूल मोठेपणी त्या त्या देशाच्या नावे पात्र ठरते. अशा व्यक्तीशी विवाह झालेल्या, पुण्यात जन्मलेल्या व्यक्तीलाही जोडीदाराच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. अट एवढीच, की दोघांची नावे अर्जात हवीत आणि दोघांनी अमेरिकेत एकत्र प्रवेश करायला हवा. याउलट, अमेरिकेचे सोडून अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व घेतले, तरी शिनोलीत जन्मलेला माणूस या हिशेबात भारतीयच राहतो.

आणि निवड झाली तरी व्हिसा मिळतोच असे नाही. गळती गृहीत धरून जागांच्या दुपटीहून अधिक लोक निवडले जात. बारावीपर्यंतचे शिक्षण, अथवा प्रशिक्षणाची गरज असलेल्या व्यवसायातील दोन वर्षांचा अनुभव सिद्ध करावा लागे आणि ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपले की उरलेल्यांची निवड रद्द. मे २०११ मध्ये तर संगणकीय चुकीमुळे सुमारे २२ हजार लोकांना निवड झाल्याचे कळवून नंतर ती सोडतच रद्द करण्यात आली होती. निवड झाल्याचा ई-मेल मात्र अमेरिकी सरकार पाठवत नसे. पूर्वी टपालाने पत्र येई. नंतर अर्जदाराने स्वतः सरकारी संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून पाहायचे, एवढीच पद्धत राहिली. अर्जालाही शुल्क नव्हते. एक डॉलर शुल्काचा नियम आला तो थेट २०२५ मध्ये. पैसे आधीच पाठवले गेले असतील, तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर तक्रार नोंदवणे, एवढाच उपाय उरतो.

खरी रांग

शिनोली हे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, डिंभे धरणाच्या अलीकडचे गाव. जुन्नर-आंबेगावच्या गावांचे मुंबईशी नाते जुने आहे. डबेवाले, माथाडी कामगार, बाजारातील गाळ्यांवरचे मदतनीस अशा नात्याने या भागातील पिढ्या मुंबईत राबल्या. त्यांची मुले शिकली, काही अभियंते झाली, आणि त्यांतली काही अमेरिकेला गेली. अशी मुलगी किंवा मुलगा अमेरिकी नागरिक झाला, की मागे राहिलेल्यांसाठी अर्ज करण्याचा अधिकार मिळतो. ग्रीन कार्डधारकाला आई-वडील वा भावंडांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी नागरिकत्व आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात.

नागरिकाच्या आई-वडिलांसाठी संख्येची मर्यादा नाही. भावंडांसाठी आहे. या प्रवर्गात जगभरासाठी वर्षाला सुमारे ६५ हजार व्हिसा, आणि कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही. एवढ्याशा देशालाही तेवढीच मर्यादा आणि भारतालाही तेवढीच. परिणाम असा, की २०२५ मध्ये भारतीय भावंडांपैकी ज्यांची पाळी आली, त्यांचे अर्ज २००६ साली दाखल झालेले होते.

कायद्याच्या भाषेत हे समजणे कठीण आहे, म्हणून एक कल्पित, पण अगदी नेहमीचे उदाहरण घेता येईल. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या बहिणीने शिनोलीतील भावासाठी २००६ मध्ये अर्ज केला. भाऊ १९६८ चा. त्याला दोन अपत्ये. मुलगी १९९७ ची, मुलगा २००२ चा. अर्ज दाखल झाला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा होता. पाळी आली २०२५ मध्ये. आता मुलगी २८ वर्षांची आहे आणि मुलगा २३ वर्षांचा. भावासोबत पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये जाऊ शकतात, असा नियम आहे. वरवर पाहता दोघेही बाद.

मात्र २००२ च्या एका अमेरिकी कायद्याने थोडा दिलासा दिला आहे. अर्ज मंजूर होण्यास सरकारी दप्तरात जितका काळ लागला, तितका काळ अपत्याच्या वयातून वजा केला जातो. समजा, बहिणीचा अर्ज २००६ मध्ये दाखल होऊन २०१० मध्ये मंजूर झाला. चार वर्षे वजा. मुलाचे कायदेशीर वय १९ ठरते. पाळी आल्यापासून एका वर्षाच्या आत त्याने पुढील पाऊल उचलले, तर तो जाऊ शकतो. मुलीचे वय २४ ठरते. ती राहते.

ज्या कागदावर दाखल आणि मंजुरीच्या या दोन तारखा असतात, तो बहुधा बहिणीच्या घरातील एखाद्या जुन्या फायलीत पडलेला असतो. एजंट मुलाखतीतील पन्नास प्रश्नांची यादी विकतात. या दोन तारखांविषयी क्वचितच कुणी विचारतो. तयारीची सुरुवात खरे तर तेथून व्हायला हवी.

कोतवाल बुक ते पासपोर्ट

दुसरी तारीख गावाकडची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडे मिळायला हवी. त्याआधीच्या नोंदी ‘कोतवाल बुका’त, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असतात आणि ती दप्तरे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ मध्ये हे कोतवाल बुक साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. परदेशी जाणाऱ्या गावकऱ्यांना ते त्याआधीपासून ठाऊक होते. जुनी पाने मोडी लिपीत असतात. त्यांत जन्माची तारीख असते, बापाचे नाव असते, जात असते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असा शब्द असतो. बाळाचे नाव मात्र अनेकदा नसते, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते आणि नंतर पुन्हा कुणी कोतवालाकडे गेलेले नसते.

उदाहरणातील भावाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून १९६८ अशी असण्याची शक्यता बरीच आहे. महाराष्ट्रातील एका पिढीच्या जन्मतारखा १ जूनच्या आहेत. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली, की मास्तर शाळेच्या वर्षाशी जुळणारी तारीख टाकून मोकळे होत. पासपोर्ट त्यावरूनच निघाला. आता कोतवाल बुकात खरी नोंद भाद्रपदातली सापडली, तर काय करायचे? लपवणे हा सर्वांत वाईट मार्ग. दोन्ही कागद, त्यांतील फरकाचा खुलासा करणारे प्रतिज्ञापत्र आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातलगांची शपथपत्रे, अशी मांडणी केली तर अधिकाऱ्याला ती समजते. भारतातील जुन्या नोंदींची अवस्था वकिलातीला नवी नाही. १९७० पूर्वीची नोंद सापडलीच नाही, तर संबंधित कार्यालयाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला घ्यावा लागतो आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व शपथपत्रे जोडावी लागतात. नुसते शपथपत्र चालत नाही. आधी शोध घेतल्याचा सरकारी पुरावा लागतो.

जन्मस्थळाची अडचण याहून चिवट आहे. कायद्यानुसार जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. आईचे माहेर जुन्नर तालुक्यातील ओतूरचे असेल, तर मुलीची नोंद ओतूरला सापडेल. ती शिनोलीत शोधणारा हेलपाटे घालून थकतो आणि शेवटी कुणीतरी त्याला ‘नवीन नोंद करून देतो’ असे सांगतो. धाकटा मुलगा मुंबईच्या पालिका रुग्णालयात झालेला असेल, तर त्याची नोंद महापालिकेकडे. शाळेच्या दाखल्यावर मात्र दोघांचेही जन्मगाव शिनोलीच लिहिलेले असते, कारण गाव कोणते, या प्रश्नाचे मराठी माणसाचे उत्तर बापाचे गाव हेच असते. आंबेगाव तालुक्यात तर याहून विलक्षण गोष्ट आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथे जन्मलेल्यांच्या कागदांवरचे जन्मस्थळ आज जलाशयाच्या तळाशी आहे. याशिवाय कोल्हापूर जिल्ह्यात चंदगड तालुक्यातही एक शिनोळी आहे, आणि रोमन लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’ यांतला फरक उरत नाही. म्हणून प्रत्येक कागदावर तालुका आणि जिल्हा असणे गरजेचे.

नावांविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. सासरी आल्यावर आडनावच नव्हे, तर वडिलांच्या जागी पतीचे नाव आणि पुष्कळदा स्वतःचे पाळण्यातले नावही बदलले जाई. एकाच स्त्रीचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव, लग्नपत्रिकेवरचे नाव, शिधापत्रिकेवरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव ही चार वेगवेगळ्या बायकांची वाटतात. अमेरिकी अर्जात ‘आजवर वापरलेली अन्य नावे’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडण्याची चूक सर्रास होते. विवाह नोंदणीचा दाखला हा या नावांतील दुवा. १९९५ च्या सुमारास खेड्यात लग्नाची नोंद करण्याची पद्धत फारशी नव्हती, म्हणून ती आता करून घ्यावी लागते. पत्रिका, लग्नातील छायाचित्रे, भटजींचे शपथपत्र, साक्षीदार हे सारे गोळा करताना तीस वर्षांपूर्वीचे भटजी हयात असतीलच असे नाही. गरज पडल्यास शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेता येतो.

याच टप्प्यावर मोह उभा राहतो. मुलीचे वय २१ च्या आत बसत नाही, तर नवा दाखला काढून ती चार वर्षांनी लहान का करू नये? असे सुचवणारे लोक तालुक्याच्या ठिकाणी भेटतात. विलंबित जन्मनोंदीसाठी पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि त्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेला, आणि गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर राज्य शासनाने २०२५ मध्ये छाननी कडक केली. तरीही खोटा दाखला निघाला, असे क्षणभर धरले, तरी मुलीचे दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि बहिणीने २००६ च्या सुमारास भरलेले कागद वेगळेच सांगत असतात. वकिलातीला नात्याविषयी शंका वाटली, तर डीएनए चाचणीची सूचनाही होते. आणि महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर शिक्षा एका अर्जापुरती राहत नाही. अमेरिकेचे दार त्या माणसाला कायमचे बंद होऊ शकते. मुलीला न्यायला निघालेला बाप मग स्वतःही जात नाही.

बीकेसीतील खिडकी

एके काळी ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसबाहेर फुटपाथवर पहाटेपासून रांगा लागत. नोव्हेंबर २०११ मध्ये वकिलात वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. मुलाखत तेथे होते, पण त्याआधीचा बराचसा व्यवहार संगणकावरूनच उरकलेला असतो. न्यू हॅम्पशायरमधील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे शुल्क, अर्ज आणि कागदांच्या प्रती गेलेल्या असतात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते आणि मुलाखतीच्या दिवशी मूळ प्रती सोबत न्याव्या लागतात.

बहिणीला जामीन राहावे लागते. तिच्या घरातील माणसांची आणि येणाऱ्यांची संख्या धरून, दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न तिला दाखवावे लागते. शिनोलीचे तिघे येणार आणि तिचे स्वतःचे कुटुंब चौघांचे, तर हिशेब सातांचा. हा कागद म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी नव्हे. तो सरकारशी केलेला करार आहे. येणारा नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावे साधारण दहा वर्षांचे काम नोंदले जाईपर्यंत तो टिकतो. नणंद-भावजयीत बोलणे बंद झाले म्हणून तो सुटत नाही. उत्पन्न कमी पडले, तर दुसरा जामीनदार उभा करता येतो. निवृत्तीच्या वयाला आलेल्या बहिणींबाबत हीच अडचण येते, कारण अर्ज केला तेव्हा त्या नोकरीत होत्या आणि पाळी आली तेव्हा निवृत्त झालेल्या असतात.

पोलिस दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि त्याची चौकशी स्थानिक पोलिस ठाण्याकडे येते. तरुणपणी कुणी आखातात वर्षभराहून अधिक काळ राहिला असेल, तर त्या देशाचाही दाखला लागतो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. घरच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात क्षयाची शंका आली, तर थुंकीच्या कल्चर तपासणीलाच सुमारे आठ आठवडे जातात. पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्या माणसाने ही तपासणी लवकर करून घ्यावी आणि उपचारांचे जुने कागद सोबत ठेवावेत. विमानाची तिकिटे आधी काढू नयेत, हे वकिलातही सांगते आणि लोक तरीही काढतात.

मुलाखतीची खिडकी बँकेच्या खिडकीसारखी असते. बोटांचे ठसे, सत्य सांगण्याची शपथ आणि मग काही मिनिटांचे बोलणे. अर्जदाराला मराठीतून बोलता येते. मोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा ते बरे. प्रश्न साधे असतात. अर्ज कुणी केला, बहीण अमेरिकेला केव्हा गेली, एकूण भावंडे किती, अपत्ये किती, काय काम करता, तेथे गेल्यावर कुठे राहणार. ‘अपत्ये किती’ या प्रश्नाला ‘एक’ असे उत्तर देऊ नये. जी मुलगी सोबत येऊ शकत नाही, तिचेही नाव अर्जात असायलाच हवे. ते आज गाळले, तर उद्या तिच्यासाठी अर्ज करताना ती मुलगी आहे, हेच सिद्ध करण्याची पाळी येते. पाठ केलेली उत्तरे अधिकाऱ्याच्या लगेच लक्षात येतात. शेती करणाऱ्याने शेती करतो असे सांगावे. त्याला कुणी ‘अॅग्रो-बिझनेस कन्सल्टंट’ व्हायला शिकवले असेल, तर पुढच्या तीन प्रश्नांत ते उघडे पडते. एखादा कागद कमी असेल, तर तो मागणारी चिठ्ठी हातात येते. ती नकाराची चिठ्ठी नव्हे. पण ओतूरचा किंवा घोडेगावचा आणखी एक हेलपाटा म्हणजे ती.

व्हिसा मिळाला, की सहसा सहा महिन्यांच्या आत, बहुधा वैद्यकीय तपासणीच्या मुदतीनुसार, अमेरिकेत पोहोचावे लागते. एवढ्या अवधीत शेताचे काय, हा प्रश्न येतो. वारसाहक्काने आलेली वा आधी घेतलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते; नवी विकत घेता येत नाही. म्हणून सातबाऱ्यावरची वारसनोंद, भाऊबंदांतील वाटणी आणि कुणाच्या नावे द्यायचे ते कुलमुखत्यारपत्र ही कामे निघण्यापूर्वी उरकलेली बरी. बँकेतील खाते अनिवासी खात्यात बदलावे लागते. पीएम-किसानचा हप्ता बंद होतो. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी निघालेल्या माणसाला पेरणीला यावे आणि हिवाळ्यात परत जावे असे वाटते. पण सलग वर्षभराहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिल्यास ग्रीन कार्ड धोक्यात येते. त्याहून अधिक राहायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना मागावा लागतो. तोही साधारण दोन वर्षांपुरता मिळतो. स्थायी निवासाचा अर्थ सरकार शब्दशः घेते.

राहता राहिली मुलगी. वडील ग्रीन कार्डधारक झाल्यावर तिच्यासाठी नवा अर्ज करू शकतात. नवा म्हणजे खरोखरच नवा. २००६ पासूनची एकोणीस वर्षे तिच्या खात्यात जमा होत नाहीत. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वय ओलांडलेल्या अशा अपत्यांना आत्याच्या अर्जाची जुनी तारीख वापरता येणार नाही, असा निर्णय दिला. ग्रीन कार्डधारकाच्या सज्ञान अविवाहित अपत्यांच्या रांगेत २०२५ मध्ये २०१६ सालचे अर्ज निघत होते. म्हणजे आणखी सुमारे नऊ वर्षे, आणि तोवर तिने अविवाहित राहायला हवे, कारण ग्रीन कार्डधारकाला विवाहित मुलीसाठी अर्जच करता येत नाही. तिचे लग्न झाले, की असलेला अर्जही रद्द होतो. वडील पाच वर्षांनी नागरिक झाले, तर विवाहित मुलीसाठी वेगळी रांग आहे, पण तिच्यात भारतीयांची पाळी चौदा-पंधरा वर्षांनी येते. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीसाठी आंबेगाव-जुन्नरच्या घरांत स्थळे पाहिली जात असतात. वडिलांच्या मुलाखतीची तारीख आणि तिच्या साखरपुड्याची तारीख एकाच दिनदर्शिकेत खुणा करून ठेवलेल्या असतात, आणि त्यांपैकी कोणती आधी ठरवायची, याविषयी वकिलातीच्या सूचनापत्रकात काही नसते.

दोन्हींपैकी काहीही ठरले, तरी ओतूरच्या नोंदवहीत तिच्या जन्मापुढे अजून ‘मुलगी’ एवढाच शब्द आहे की काय, हे पाहून येणे बाकी असते. नोंदीत नाव दाखल करण्यास नियमाने पंधरा वर्षांची मुदत आहे. शासनाने ती वेळोवेळी वाढवली आहे. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन एकदा जावे लागते.